मेंदूला साखर किती हवी?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. ती मुख्यतः रक्तातल्या साखरेतून, म्हणजे ग्लुकोजमधून येते. मेंदूत साठा जवळपास नसतो, म्हणून पुरवठा अखंड लागतो.

आपण जेवलो की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. हे संप्रेरक स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं. मेंदूला साखर घेण्यासाठी त्याची फारशी गरज नसते. तरी ते मेंदूत पोचतं आणि स्मरणाचं काम करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात पेशींमधले दुवे बळकट ठेवायला मदत करतं.

पुढे काहींच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. मग रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढी राहतात. चढी साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते. शिवाय इन्सुलिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) अल्झायमरशी जोडलेलं अमायलॉइड प्रथिनही मोडतं. ते इन्सुलिनमध्येच गुंतलं, तर अमायलॉइड साचत असावं, असा संशोधकांचा तर्क आहे. टाइप २ मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसतो, एवढं मात्र पक्कं.

मग साखर जितकी कमी तितकं बरं का? बहुतेकांचं चुकतं ते इथेच. अकॉर्ड-माइंड या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. त्यात तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६ टक्क्यांखाली आणायचं ठरवून कडक उपचार केलेल्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सरस ठरली नाही.

उलट रक्तातली साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की मेंदू उपाशी पडू लागतो. एकादशीचा उपवास धरून ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची नेहमीची गोळी घेतली, तर दुपारी घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ असं होऊ शकतं. घरातले ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देतात.

अशा वेळी आधी ग्लुकोमीटर लावावा. साखर कमी असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काही देऊ नये, थेट दवाखाना गाठावा.

उपवास धरायचा असेल तर गोळीचं काय करायचं, हे आपण डॉक्टरांना आधीच विचारावं. साखर कधी, किती खाली गेली हे वहीत टिपून ठेवावं आणि ती वही भेटीला न्यावी. आपल्यासाठी योग्य आकडा कोणता, हे ठरवायला तिची मदत होते.