प्रयोगाच्या व्हिडिओत न दिसणारी ज्वाला

शाळांना सुट्टी लागली की ‘घरच्या घरी करून पाहा’ असे सांगणारे रसायनांचे व्हिडिओ मुलांच्या मोबाइलवर फिरू लागतात. रंगीत ज्वाला, फेसाची कारंजी, धडाड्‌धूम उडणारी बाटली. अर्ध्या मिनिटात प्रयोग संपतो आणि कोणालाही काही होत नाही. अशा व्हिडिओंमुळे विज्ञानाची गोडी लागते, हे खरे. पण प्रयोग सुरक्षित कशामुळे झाला, हे त्यात क्वचितच दिसते.

‘इंद्रधनुषी ज्वाला’ हा असाच एक लोकप्रिय प्रयोग. धातूंचे क्षार ज्योतीत धरले की तांब्याचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लाल, सोडियमचा पिवळा असे रंग दिसतात. फटाक्यांचे रंगही याच तत्त्वावर मिळतात. या प्रयोगात अनेकदा मिथेनॉल हे अल्कोहोल जाळले जाते, कारण त्याची स्वतःची ज्वाला फिकट असते आणि क्षारांचे रंग उठून दिसतात. धोकाही तिथेच आहे. भरपूर उजेडात ही ज्वाला जवळजवळ दिसत नाही. आग विझली असे समजून कोणी बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतले, तर त्याची वाफ पेट घेते, आग बाटलीत शिरते आणि तोंडातून ज्वालेचा झोत बाहेर पडतो. तो समोर बसलेल्यांवर जातो. मिथेनॉलची वाफ सुमारे ११-१२ अंश सेल्सिअसलाच पेटण्याजोगी होते. आपल्याकडच्या खोल्या बहुतेक वेळा त्याहून उबदारच असतात.

अमेरिकेत सप्टेंबर २०१४ मध्ये बारा दिवसांत मिथेनॉलचे दोन अपघात झाले. ३ सप्टेंबरला रेनो येथील एका संग्रहालयातील प्रात्यक्षिकात १३ जण जखमी झाले, त्यांत बहुतेक मुले होती. १५ सप्टेंबरला डेन्व्हरच्या एका शाळेत विद्यार्थी भाजले. दोन्ही ठिकाणी प्रयोग करणारी माणसे मोठी होती. त्याआधी वर्षभरही झाले नव्हते, तेव्हा तिथल्या रासायनिक सुरक्षा मंडळाने याच प्रयोगात भाजलेल्या एका विद्यार्थिनीची कहाणी सांगणारी चित्रफीत प्रसिद्ध केली होती.

चीनमध्ये २०१९ साली पत्र्याच्या डब्यात अल्कोहोल पेटवून पॉपकॉर्न करू पाहणाऱ्या दोन मुली भाजल्या आणि त्यांतल्या १४ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. मुलींनी ऑनलाइन व्हिडिओचे अनुकरण केले, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. आपली पद्धत वेगळी होती, असे व्हिडिओ करणारीने सांगितले. पाहणाऱ्याला किरकोळ वाटणारा असा फरकच जीवघेणा ठरू शकतो.

‘घरातलीच तर वस्तू आहे’ हा भरवसाही फसवा असतो. सॅनिटायझर म्हणजे अल्कोहोलच. त्याची ज्वालाही उजेडात सहज दिसत नाही. संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर उघड्या भांड्यात निरुपद्रवी. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत मात्र वायूचा दाब वाढून बाटली फुटू शकते.

म्हणून मुलांना प्रयोग करू देण्याआधी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात: यात काही पेटवायचे आहे का? काही बंद भांड्यात कोंडायचे आहे का? दोन क्लीनर एकत्र करायचे आहेत का? वीज लागते का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर तो प्रयोग घरी नको. शाळेत ज्योतीचे रंग दाखवायचे असतील, तर क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरवर धरून दाखवता येतात. त्याला अल्कोहोल लागत नाही. घरी हळदीच्या पाण्यात साबणाचे पाणी घालावे; पिवळ्याचे लालसर होते. त्यात लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. आम्ल आणि अल्कली यांचा हा धडा स्वयंपाकघरातच मिळतो.

तरीही भाजलेच, तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. डोळ्यात रसायन गेल्यास लगेच पाण्याने किमान १५-२० मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्या.