मळीतून वीज : गाडं अडलंय कुठं?



ऑगस्ट २०१४ मध्ये नागपुरात इथेनॉलवर चालणारी स्कॅनिया कंपनीची बस रस्त्यावर आली, तेव्हा आपल्या मळीला नवं गिऱ्हाईक मिळालं असं अनेकांना वाटलं. पुढे ती सेवा बंद पडली. आज इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. पण विजेच्या गाड्या वाढू लागल्या आहेत. उद्या पेट्रोलच कमी खपलं तर आपल्या इथेनॉलचं काय? सभासदांचा हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर शास्त्रज्ञ शोधत आहेत : इथेनॉल न जाळता त्याचीच वीज करायची.

इंधनघट म्हणजे काय?

फ्युएल सेल म्हणजेच इंधनघट. रचना बॅटरीसारखी, फरक एवढाच, की इंधन घालत राहिलं तोवर वीज मिळत राहते. एका बाजूने इथेनॉल आणि पाणी, दुसऱ्या बाजूने हवा. ज्योत नाही, धडधड नाही. कार्बन वायू निघतो, पण तो उसानेच वाढताना हवेतून घेतलेला असतो. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजनवर असा घट चालवून दाखवला होता.

बारातले चारच

एक टन उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण १० लिटर इथेनॉल निघतं. लिटरात सुमारे ६ युनिट ऊर्जा असते. सगळी कधीच हाती येत नाही, पण खरी गळती वेगळीच आहे. इथेनॉलच्या एका रेणूतून विजेचे १२ कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, निघू शकतात. मात्र त्यातल्या कार्बनच्या दोन अणूंची गाठ फार घट्ट. ती सुटली नाही तर इथेनॉलचं शिरक्यातलं आम्ल होऊन काम तिथंच थांबतं आणि १२ पैकी ४ च कण मिळतात. ऊस चरकातून एकदाच काढावा आणि रस चिपाडातच राहावा, तशी ही गत.

मध्यस्थ हवा

गाठ सोडवतो तो उत्प्रेरक. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा तो काम घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही. प्लॅटिनम हा जुना मध्यस्थ. पण महाग, आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांवर थर चढावा तसा त्यावर कार्बन मोनॉक्साइड चिकटतो. कथिल जोडलं की तो थर निघायला मदत होते, पण गाठ राहतेच. २००९ साली अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेने कथिलाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनम आणि ऱ्होडियमचे बारीक कण बसवून साध्या तापमानाला ही गाठ सोडवून दाखवली. अडचण अशी, की ऱ्होडियमही दुर्मिळ आणि महाग. म्हणून पॅलेडियम, निकेल यांचे प्रयोग चालू आहेत.

निस्सान कंपनीने २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये वेगळी वाट धरली : इथेनॉलपासून आधी हायड्रोजन काढायचा, मग वीज.

आपण काय करावं?

यावर भरवसा ठेवून लागवडीचा हिशेब मांडू नये. पण उद्या कुणी असं यंत्र विकायला आलंच, तर तीन प्रश्न जरूर विचारावेत : बारापैकी किती मिळतात? किती तास टिकतं? किमती धातू किती लागतो? तिन्हींची उत्तरं समाधानाची असतील तरच पुढची बोलणी.