'अनरीझनेबली' : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाडेकरार, कंपनीची नोटीस, कोर्टाचा निकाल, इंग्रजी वर्तमानपत्र... 'अनरीझनेबली' हे क्रियाविशेषण कुठेही भेटतं. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून शब्दकोश उघडला जात नाही आणि अर्थ निसटतो. सही करायच्या कागदावर हा शब्द असेल, तर त्याचा नेमका अर्थ ठाऊक असायलाच हवा.

गैरसमज १ : 'अनरीझनेबली' म्हणजे विनाकारण.

वस्तुस्थिती : 'रीझन' म्हणजे कारण, त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हा शब्द 'रीझनेबल', म्हणजे 'वाजवी', यावरून तयार झाला आहे. त्याचा अर्थ 'अवाजवीपणे', 'न्यायबुद्धीला पटणार नाही अशा रीतीने'. कारण असूनही वागणं अवाजवी असू शकतं. इंग्लंडच्या न्यायालयांत यासाठी एक उदाहरण वर्षानुवर्षं दिलं जातं : केस लाल आहेत म्हणून शिक्षिकेला नोकरीवरून काढणं. इथे कारण आहे, ते सांगितलंही आहे. पण त्याचा शिकवण्याशी काडीचाही संबंध नाही.

गैरसमज २ : जो निर्णय कडक किंवा आपल्याला न पटणारा, तो अनरीझनेबल.

वस्तुस्थिती : इंग्लंडमधल्या वेन्सबरी गावच्या नगरपालिकेने एका चित्रपटगृहाला रविवारी खेळ करायला परवानगी दिली, पण एक अट घातली. 15 वर्षांखालच्या मुलांना, सोबत मोठं माणूस असलं तरी, आत सोडायचं नाही. मालक कंपनी कोर्टात गेली आणि हरली. 1947 मध्ये अपील न्यायालयात लॉर्ड ग्रीन यांनी कसोटी सांगितली : कोणतीही समंजस संस्था घेऊच शकणार नाही इतका अवाजवी निर्णय असेल, तरच न्यायालय त्यात हात घालेल. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1994 च्या टाटा सेल्युलर खटल्यात, सरकारी निविदांचा विचार करताना, या कसोटीचा आधार घेतला. रोजच्या बोलण्यात शब्दाची धार एवढी तीव्र नसते. तरीही 'मला आवडलं नाही' आणि 'अवाजवी आहे' यांतला फरक तिथेही उरतोच.

गैरसमज ३ : हा शब्द फक्त माणसाच्या वागण्याला लागतो.

वस्तुस्थिती : 'बिहेव्ह' या क्रियापदानंतर आला तर तो वागणुकीबद्दल बोलतो : हेकेखोरपणे, ताळतंत्र सोडून. विशेषणाच्या आधी आला की तो प्रमाण सांगतो. 'अनरीझनेबली हाय' भाडं म्हणजे अवाच्या सवा भाडं. मात्र 'ही इज अनरीझनेबली' हे वाक्य चूक. तिथे 'अनरीझनेबल' हे विशेषणच हवं.

गैरसमज ४ : 'नॉट अनरीझनेबली' ही सौम्य टीका आहे.

वस्तुस्थिती : उलट आहे. माल खराब निघाल्यावर ग्राहकाने 'नॉट अनरीझनेबली' पैसे परत मागितले, असं वाचलं तर अर्थ एवढाच, की त्याची मागणी रास्त होती. दोन नकार मिळून इथे होकार होतो.

गैरसमज ५ : 'संमती अनरीझनेबली नाकारली जाणार नाही' असं करारात असलं, की संमती मिळणारच.

वस्तुस्थिती : नाकारण्याचा हक्क शाबूत असतो; कारण मात्र वाजवी लागतं. भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवायचा आहे आणि तो राहत्या घरात रसायनांचा साठा करणार आहे, तर मालकाचा नकार रास्त ठरेल. पोटभाडेकरूचं आडनाव आवडलं नाही म्हणून दिलेला नकार वाजवी नाही.

म्हणून हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारा : कारण काय दिलं आहे, आणि त्या कारणाचा मूळ गोष्टीशी संबंध आहे का? सही करण्याआधी विचारा, आणि दुसऱ्यावर अवाजवीपणाचा ठपका ठेवण्याआधीही.