बॉनेट उघडलं म्हणून वॉरंटी जात नाही

रविवारी सकाळी कुणी मित्राला हाताशी घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचा एअर फिल्टर बदलायला घेतला, की जाता-येता एक तरी जाणकार थांबून बजावतोच, "घरी हात लावू नका हो, वॉरंटी जाईल!" कुठे लिहिलंय हे? विचारलं तर उत्तर नसतं.

अहो, गाडीबरोबर मिळालेलं ओनर्स मॅन्युअल एकदा तरी उघडा. फ्यूज कसा बदलायचा, स्टेपनी कशी लावायची, हे कंपनीनंच चित्रांसकट छापलेलं असतं. तुम्ही हात लावायचाच नसता, तर डिकीत जॅक आणि पाना कशाला दिला असता?

कायद्याचंच ऐकायचं असेल, तर भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्याच आदेशात म्हटलंय, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. सदोष कामामुळे नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं त्यांपैकी तिघींचा दंड कमी केला, पण ठपका कायम ठेवला. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये कुणी "वॉरंटी गेली" म्हणालं, तर मान डोलावू नका. कोणत्या कामामुळे कोणता भाग बिघडला, ते लेखी मागा.

अर्थात वायरिंग कापून मोठा हॉर्न बसवलात आणि मग इलेक्ट्रिकल बिघाडाचा क्लेम केलात, तर तो नाकारला जाणारच. ठरलेली सर्व्हिसिंग चुकवणंही अंगाशी येतं. पण फिल्टर म्हणजे वायरिंग नव्हे.

एसीचा झोत मंदावला की "गॅस संपला" हे निदानही असंच ऐकीव. आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या दोन्ही कडा आत दाबल्या की तो खाली येतो. मागच्या पट्टीची खिटी काढली की फिल्टर हाताला लागतो. धुळीनं काळा पडलेला, घड्यांत सुकी पानं अडकलेली. नवा बसवताना त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण तेवढा पाहायचा. सगळं काम दहा मिनिटांचं.

मित्राच्या गाडीवरून जम्प स्टार्ट घेतला की त्याची गाडी बिघडते? दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या असतील आणि केबल नीट लावल्या तर नाही. आधी लाल केबल दोन्हीकडच्या प्लसला, मग काळी मित्राच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. गाडी सुरू झाली, पाच मिनिटं उभ्या उभ्या चालवली, की बॅटरी भरली? मुळीच नाही. बॅटरीत आरओचं पाणी चालतं? नाही, डिस्टिल्ड वॉटरच.

आणि "जॅक लावलाय, शिर खाली!" म्हणणाऱ्या मित्राचं अजिबात ऐकू नका. तो जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. ब्रेक आणि एअरबॅगचं काम मेकॅनिककडेच न्या. तिथे पैसे वाचवू नका.