जुनी जीप, नवा जोर

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना घरची जुनी जीप धापा टाकू लागली, की तरुण मुलगा म्हणतो, "हे इंजिन काढू आणि डिझेलचे मोठे बसवू." आजोबांचा जीव मात्र त्याच इंजिनात गुंतलेला असतो. वाचकहो, अशा वेळी वाद घालण्यापेक्षा दोघांनी मिळून बॉनेट उघडावे.

आधी गाडीची जात ओळखा. जुन्या विलिज जीपचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे 2200 सी.सी.चे आणि 60 हॉर्सपॉवरचे. त्याचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. पुढच्या इंजिनात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला. सी.सी. तेवढीच राहिली, पण श्वास मोकळा झाला आणि जोर 70 च्या वर गेला. यातले मर्म ध्यानात घ्या : इंजिनाचा जोर त्याच्या श्वासावर असतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1100 मीटरहून उंच आहे. तिथे हवा विरळ, म्हणून जवळजवळ एक दशांश जोर आपोआप कमी होतो. तेवढा दोष इंजिनाचा नव्हे!

आता खर्च कशावर करावा? पहिल्याने मिस्त्रीकडून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. एखाद्यात कमी भरले, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह गळतो आहे. हे काम झाल्याशिवाय बाकीचे सुटे भाग विकत घेणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी काढण्यासारखे आहे.

व्हॉल्व्ह काढलेच आहेत, तर धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या बसवून घ्या. देशात 2000 सालापासून शिसेविरहित पेट्रोल मिळते आणि जुन्या नरम बैठका त्यावर लवकर झिजतात. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असते. त्याने जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो, चिरतो. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या स्वस्त आहेत. गाडी पेटण्यापेक्षा तर फारच स्वस्त!

त्यानंतर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे. ठिणगी एकसारखी पडते आणि पॉइंट घासत बसण्याचा त्रास वाचतो. मात्र मूळच्या विलिजची वायरिंग 6 व्होल्टची असते, म्हणून तेवढ्यावर चालणारा संच मागा किंवा सारी वायरिंग 12 व्होल्टची करा. रेडिएटर आतून साफ करून घ्या. कारबुरेटर धुऊन त्याचे जेट तपासा.

एवढ्याने जीप घाट चढेल. पण चढलेली गाडी उतरायची असते! या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाची एकच लाइन असते. एक नळी फुटली, की चारही चाके ब्रेकवाचून. म्हणून जोर वाढवण्याआधी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवा, ब्रेकचे जुने तेल बदला.

आपल्या शकुंतला रेल्वेचेच पाहा. 1994 साली तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले. तरी गाडी सावकाशच चाले, कारण रूळ तेच अरुंद आणि जुने होते. जीपचेही तसेच. मोठ्या इंजिनाचा भार जुना गिअरबॉक्स, एक्सल आणि चासी यांच्यावर पडतो.

शेवटी कागदपत्रांचे. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून दुसरे इंजिन बसवू नका. 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन व रॅलीसाठी असते, रोज संत्र्याच्या बागेत नेण्यासाठी नव्हे. तेव्हा जीप कामाची ठेवायची की मानाची, हे घरात बसून आधी ठरवा.

आणि काही बदलले, तरी काढलेला मूळ भाग भंगारात देऊ नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. नातवाला उद्या त्याचीच गरज पडेल.