निकालाआधीं पट वाचावा

दहावीचा निकाल लागला म्हणजे वर्तमानपत्रांतून शाळांच्या नांवांपुढें टक्क्यांचे आंकडे झळकूं लागतात. आणि जिचा आंकडा शंभरास टेकला ती शाळा उत्तम, जिचा नव्वदांखालीं उतरला ती हीन, असा निवाडा घरोघरीं दिला जातो. आमचें सारें आयुष्य खडू आणि हजेरीपट यांच्या सहवासांत गेलें. त्या अनुभवावरून वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, शाळेची पारख करावयाची तर निकालपत्रकाआधीं पट वाचावा.

२०२४ सालीं राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला. सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे ज्यांत मोडतात त्या कोल्हापूर विभागाचा निकाल ९७.४५ टक्के होता. कोकण विभाग तेवढा त्याच्या पुढें. ही गोष्ट भूषणावह खरी. परंतु टक्का म्हणजे भागाकार, आणि भाजकाकडे दुर्लक्ष करणाऱ्यास गणितांत गुण मिळत नसतात. समजा, एका शाळेंत आठवीस ६० मुलें होतीं. त्यांतील १८ शिक्षणच सोडून गेलीं; उरलेलीं ४२ परीक्षेस बसलीं व सर्व उत्तीर्ण झालीं. निकाल शंभर टक्के! शेजारच्या शाळेनें ६० पैकीं ५८ मुलें परीक्षेपर्यंत आणलीं आणि त्यांतील ५२ उत्तीर्ण झालीं. हिचा निकाल नव्वदांखालीं गेला. परंतु पहिलीनें ४२ मुलें पार नेलीं आणि दुसरीनें ५२. आतां श्रेष्ठ कोणती, तें वाचकांनींच ठरवावें.

हा विचार कवठे महांकाळसारख्या तालुक्यांत विशेष अगत्याचा आहे. सांगली जिल्ह्याचा हा पूर्वभाग पर्जन्यछायेंतील. म्हैसाळ उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी इकडे आल्यापासून द्राक्षबागा व ऊंस दिसूं लागला. तरी पाणी सर्व शिवारांस सारखें लाभलेलें नाहीं. त्यामुळें एकाच बाकावर द्राक्षबागाइतदाराचा मुलगा, शेतमजुराचा मुलगा, मेंढपाळ धनगराची मुलगी आणि ज्याचे वडील सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठीं परप्रांतीं आहेत असा विद्यार्थी, असे सारे शेजारीं शेजारीं बसतात. वाड्यावस्त्यांवरील शाळा बहुधा चौथीपर्यंतच्या. तेथून निरनिराळ्या तयारीचीं मुलें मोठ्या गांवच्या शाळेंत पांचवीस येतात. एकास अपूर्णांक येतात, तर दुसऱ्यास अजून हातच्याची वजाबाकी साधत नाहीं. पांचवी ते आठवीच्या मास्तरांचा अर्धा श्रम ही दरी बुजविण्यांत खर्च होतो, आणि तो कोणत्याही निकालपत्रकावर उमटत नाहीं.

त्यांतून ऊंसतोडीचा हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडें हलतात तीं पाडव्याच्या आसपास परततात. म्हणजे मुलाचें दुसरें सत्र फडांतच जातें. २००९ चा बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याप्रमाणें अशा मुलास वयानुरूप वर्गांत प्रवेश द्यावा लागतो, आणि पूर्वीच्या शाळेचा दाखला उशिरां आला म्हणून त्यास दारांतून परत पाठवितां येत नाहीं. आईबाप कामावर गेले तरी मूल गांवींच शिकावें यासाठीं हंगामी वसतिगृहांचीही योजना आहे. या कल्पनेचें मूळ आपल्याच मुलखांत सांपडतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. गरिबाच्या मुलास फळ्याइतकीच भाकरीची व निवाऱ्याची गरज असते, हें त्यांनीं ओळखलें होतें. वर्गांत कोण बसलें आहे याहून बाहेर कोण राहिलें आहे, हा प्रश्न त्यांनीं आधीं विचारला.

त्याच प्रश्नाची दुसरी बाजू मुलींची. २०२४ सालीं मुलींचा निकाल ९७.२१ टक्के व मुलांचा ९४.५६ टक्के लागला. घरोघरीं कौतुक झालें. परंतु २००१ च्या खानेसुमारींत सांगली जिल्ह्यांत शून्य ते सहा वयांतील दर १००० मुलग्यांमागें मुली अवघ्या ८५१ होत्या, आणि २०११ सालींही ही संख्या ९०० च्या खालींच राहिली. २०११ चीं तीं बालकें म्हणजेच अलीकडे दहावीस बसणारीं मुलें. ज्या मुली जन्मासच आल्या नाहींत, त्या कोणत्याच शाळेच्या पटावर नाहींत. त्यांच्याविषयीं टक्केवारी मुकी आहे. वर्गांतील रिकामी जागा मात्र मास्तरांस दिसते.

शेवटीं आपल्या घरांविषयीं. सुशिक्षित कुटुंबांतील मुलें इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे वळलीं. पालकांनीं आपल्या मुलाचें हित पाहिलें, त्यांस बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या शाळेंतून आपण आपलीं मुलें काढून नेलीं, तिची तुलना जेथें नेलीं त्या शाळेशीं करणें न्याय्य नव्हे. घरीं अभ्यास घेणारी आई, पुस्तकांचें कपाट, निजण्याआधींची गोष्ट, हें सारें मुलाबरोबरच तिकडे गेलेलें असतें. शिवाय मास्तरांस नेटानें प्रश्न विचारणारीं माणसेंही गेलीं. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या असा नियम आहे. उरलेल्या जागांत स्थानिक शिक्षणप्रेमी व्यक्तीसही वाव असतो. ज्यांचीं मुलें मोठीं झालीं अशा गृहस्थांनीं व भगिनींनीं गांवच्या शाळेसाठीं महिन्यांतून दोन तास दिले, तर त्यांचा पुष्कळ उपयोग होईल.

तेथें जाऊन तीन गोष्टी विचाराव्या. आठवीच्या पटावरील किती मुलें दहावीस पोंचलीं? दिवाळीनंतर कोणतीं मुलें दिसेनाशीं झालीं, आणि तीं कोठें आहेत? पांचवीस अडखळत वाचणारें मूल सातवीस कसें वाचतें? या तिहींचीं उत्तरें ज्या शाळेंत तत्काळ मिळतात, ती शाळा चांगली समजावी. मग तिचा निकाल शंभर असो वा अठ्ठ्याऐंशी.