टायफॉइडच्या जिवाणूची जनुकीय वंशावळ

टायफॉइड अर्थात विषमज्वराला कारणीभूत असणाऱ्या ‘साल्मोनेला टायफी’ या जिवाणूच्या सुमारे ४८ लाख अक्षरांच्या जनुकसंचात, म्हणजे त्याच्या संपूर्ण आनुवंशिक मजकुरात, नमुन्यागणिक आढळणारे फरक फारच थोडे असल्यामुळे, एकेका अक्षरातील टिकाऊ बदल हेरून वंशशाखांना क्रमांक देणारी ‘जीनोटायफी’ ही पद्धत २०१६ मध्ये मांडण्यात आली.

या पद्धतीत ४.३.१ हा क्रमांक मिळालेली, पूर्वी ‘एच-५८’ म्हणून ओळखली जाणारी शाखा आशिया व आफ्रिकेत दूरवर पसरली असून, ६३ देशांतील १,८३२ नमुन्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्मे नमुने तिचेच होते.

पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबादमध्ये २०१६ च्या अखेरीस उद्भवलेल्या साथीचे जिवाणूही याच शाखेतले होते. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन व कोट्रायमॉक्साझोल यांना दाद न देणारी जनुके त्यांच्या गुणसूत्रात होतीच, त्यात प्लाझमिडची, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या वर्तुळाकार डीएनएची, भर पडली आणि त्यावरील ‘सीटीएक्स-एम-१५’ जनुकामुळे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे इंजेक्शनही निष्प्रभ ठरून, तोंडावाटे देण्याजोगे ॲझिथ्रोमायसिन हेच मुख्य औषध उरले.

प्रतिकारक्षमता नव्याने उपजली आहे की एकच शाखा गावोगाव पसरत आहे, हे अशा वर्गीकरणातून उलगडत असल्याने, औषधांची निवड आणि लसीकरणाचा अग्रक्रम ठरवताना त्याचा आधार घेता येतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची संयुग्मी लस नियमित लसीकरणात आणली.